आईने कापलेला एक स्टार

काहीही विकत घ्यायच्या आधी लोकांनी त्याबद्दल काय लिहिलंय ते मी वाचते. साधं लिंबू पिळायचं यंत्र घ्यायचं असलं तरी माझे दोन दिवस त्यात जातात. कुणी लिहितं 'दांडी तुटली', कुणी लिहितं 'पार्सल वेळेत आलं', आणि मी त्या दांडीवाल्याचं आणि पार्सलवाल्याचं मनातल्या मनात भांडण लावून देते. नवरा म्हणतो, "लग्नाच्या वेळी ही सोय नव्हती म्हणून मी वाचलो." मी म्हणते, "कसला वाचलास, तुझ्याबद्दल लिहायला तुझी बहीण एकटी पुरली असती."

त्यामुळे आईच्या हाताचा प्रश्न आला तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम.

दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडी धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. आम्ही बीड बायपासच्या पलीकडे नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव दाखवला होता. तो बांधलाही होता, पण त्यात सोसायटीतली मुलं क्रिकेट खेळायची, कारण चेंडू बाहेर जात नसे. प्यायला जारचं पाणी, बाकीच्याला टँकर. आई सिडकोत तिच्या स्वतःच्या रो-हाऊसमध्ये राहायची, वडील गेल्यापासून एकटी, आणि खुशीत. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं होतं तिने. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गातलाच होता. भाजीवालाही तिच्यासमोर सरळ उभा राहायचा.

सिडकोत नळाला पाणी यायचं ते मध्ये बरेच दिवस टाकून. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी पहाटे सगळी गल्ली जागी. आईचा लांबलचक पाईप पुढच्या नळापासून मागच्या टाकीपर्यंत जायचा. एका पहाटे तो टाकीतून निसटला आणि पाणी थेट गटाराकडे निघालं. आई धावली. ओल्या फरशीवर पाय सरकला, तिने उजवा हात टेकला, आणि मनगट मोडलं. हात मोडल्यापेक्षा पाणी गटारात गेल्याचं तिला जास्त लागलं. रिक्षात बसवतानासुद्धा ती शेजारच्या काकूंना ओरडून सांगत होती, "आधी तो पाईप टाकीत घाला, मग मला बघा."

प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण मनगट फिरत नव्हतं आणि मूठ मिटत नव्हती. मी तिला आमच्याकडे आणलं. तिच्या निऱ्या मी घालायची, अंबाडा मी बांधायची, आणि रोज सकाळी ती आरशात बघून म्हणायची, "वाकडा आहे. पण असू दे." हे 'असू दे' मला फार झोंबायचं. माझ्या लहानपणी तिने मला एकदाही 'असू दे' म्हटलेलं नव्हतं.

तिला घरी जायचं होतं. तिच्या घराला जुनं, जड अलिगढी कुलूप आहे. किल्ली दोनदा फिरवावी लागते, आणि दुसऱ्यांदा फिरवताना कुलूप जरा उचलून धरावं लागतं. मी अट घातली, ज्या दिवशी हे कुलूप तू उजव्या हाताने उघडशील त्या दिवशी खुशाल जा. ज्या हाताला कुलूप उघडत नाही त्याला कुकरचं झाकण उघडणार नाही, पाण्याची बादली तर लांबच. तोवर किल्ली माझ्या पर्समध्ये. तिने अट मान्य केली, कारण तीही माझ्या जागी हेच म्हणाली असती.

खरं सांगायचं तर मला ती आमच्याकडेच हवी होती. संध्याकाळी ऑफिसातून आलं की घरात दिवा लागलेला असायचा, आणि 'आज उशीर का?' असं विचारणारं कुणीतरी असायचं. पण तिच्या डोळ्यांपुढे चोवीस तास ते कुलूप होतं. टीव्ही बघतानाही तिचा उजवा हात मांडीवर हवेत किल्ली फिरवत बसायचा. जेमतेम पाव वळायचा आणि थांबायचा.

हाडाच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. "कुठे करायची ते तुम्ही बघा," म्हणाले. मी बघितलं. दोन दिवस वाचून जालना रोडवरचं एक मोठं केंद्र काढलं. काचेची इमारत, जवळजवळ पाचला टेकलेले स्टार, आणि खाली लोकांचं भरभरून कौतुक. 'थंडगार पाणी मिळते.' 'पाणी आरओचे आहे.' 'टॉयलेटला चोवीस तास पाणी.' 'एसी मस्त, पार्किंग भरपूर.' हात, मान, गुडघा यांबद्दल कुणी फारसं लिहिलं नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्या वर्षी चोवीस तास पाणी असणं हेच आम्हाला वैद्यकशास्त्राचं मोठं यश वाटत होतं.

पाणी खरंच थंड होतं. एक मुलगी यायची, आईच्या मनगटाला पट्टे बांधून यंत्राचं बटण दाबायची आणि निघून जायची. यंत्र गुणगुणायचं, मग थांबायचं, मुलगी पट्टे सोडायची. पंधरा दिवस हेच चाललं. आई एकदा म्हणाली, "या पोरीने अजून माझ्या हाताकडे पाहिलेलं नाही." मी म्हटलं, "अगं, एवढ्या लोकांनी चांगलं लिहिलंय." ती म्हणाली, "त्यांचे हात कुठे आहेत?"

त्या लोकांनी चांगलं का लिहिलं होतं ते एका संध्याकाळी कळलं. निघताना काउंटरवरच्या मुलीने गोड हसून आईचा मोबाईल मागितला. "आजी, आमच्यासाठी पाच स्टार द्याल? दिले की गार पाण्याची बाटली फ्री." बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि काउंटरवर बाटल्यांना थेंब सुटलेले होते. माझ्या पुढच्या गृहस्थांनी फटाफट पाच दाबले आणि बाटली तोंडाला लावली.

आई म्हणाली, "तीन देते."

"तीन नाही चालत, आजी."

"मग काय चालतं?"

"पाचच."

"बाळ, उत्तर आधीच ठरलेलं असेल तर मला प्रश्न कशाला विचारतेस?"

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी आईला दंडाला धरून बाहेर काढलं. बाटली मिळाली नाही. चौकात उसाचा रस पिताना आई म्हणाली, "उद्यापासून इथे यायचं नाही." मला आधी आईचा राग आला, मग त्या स्टारांचा आला, आणि शेवटी माझाच आला. हे सगळे स्टार पाण्याचे होते. पाण्याला पाच द्यायला माझीही हरकत नव्हती, पण माझ्या आईचा हात त्यात कुठेच नव्हता.

मी पुन्हा मोबाईल उघडून बसले. या वेळी घराजवळचं बघायचं ठरवलं. आमच्या भागात नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीच्या खाली गाळे. अशाच एका गाळ्यात एक फिजिओथेरपीचं क्लिनिक निघालं. त्याबद्दल तिघांनीच लिहिलेलं होतं. पहिल्याने लिहिलं होतं, 'हा माझा चुलतभाऊ आहे. हुशार आहे.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'गुड.' तिसऱ्याने एकच स्टार देऊन लिहिलं होतं, 'मशीन नाही. नुसता हात ओढतो. लई दुखतं. वर दुसऱ्या दिवशी विचारतो काल घरी केलं का.'

नवऱ्याला हसवायला म्हणून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आई डाव्या हाताने तांदूळ निवडत बसली होती.

"कुठे आहे हा?" तिने विचारलं.

"अगं, एक स्टार आहे त्याला. लोक रडतायत."

"काल केलं का असं विचारतो ना? मग चला."

गाळ्याच्या एका बाजूला हार्डवेअरचं दुकान होतं आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचे जार विकणारा. डॉक्टर तिशीचा असेल. गंगापूरकडच्या एका खेड्यातला, घरी मेंढरं आणि थोडी कापसाची शेती. हात रुंद आणि बोलणं मऊ. त्याने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट केला, एकेक बोट वाकवून पाहिलं. मग विचारलं, "आजी, काय करायचंय या हातानं?"

हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आईने हात तसाच त्याच्या हातात राहू दिला. "माझ्या घरचं कुलूप उघडायचंय," ती म्हणाली.

"कसलं कुलूप हाय?"

"जुनं अलिगढी. दोनदा फिरवावं लागतं."

"बसा," म्हणाला, आणि शेजारच्या हार्डवेअरमधून तसलंच जाडजूड कुलूप आणि कडी घेऊन आला. एका फळीवर कडी ठोकली आणि तिला कुलूप अडकवलं. "हे तुमचं. रोज हितं यायचं आन् ह्याच्याशी भांडायचं."

आधी गरम पाण्याच्या टबात हात. ते पाणी फेकायचं नाही. गार झालं की दारातल्या कडुनिंबाच्या रोपाला घालायचं, अशी तिथली शिस्त. मग तो आईचं मनगट धरून वळवायचा. ते ऐकवत नसे.

"दुखतंय रे!"

"व्हय आजी, दुखणारच. अजून थोडं."

"सोड!"

"नाय सोडत."

तासभर हे चालायचं. मध्ये मध्ये तो मेंढ्यांच्या गोष्टी सांगायचा. कुठली मेंढी कशी हट्टी, आणि ती कशी नेमकी आईसारखी. शेवटी चिठ्ठीवर घरचा अभ्यास लिहून द्यायचा. अक्षर असं की मला एकही ओळ लागत नसे. आई चिठ्ठी लांब धरून म्हणायची, "डॉक्टर, तुला कुणी चौथीतून पुढे ढकललं रे?" तो हसायचा. दुसऱ्या दिवशी दारातच विचारायचा, "काल केलं का?" आणि माझी आई, जिने पिढ्यान् पिढ्या पोरांना हाच प्रश्न विचारला होता, ती मान खाली घालून खरं काय ते सांगायची.

हात ऐकू लागला. आधी कप धरता आला. मग वेणी घालता येऊ लागली, वाकडी का असेना. फळीवरच्या कुलपात किल्ली एकदा पूर्ण फिरू लागली. दुसऱ्यांदा मात्र अर्ध्यावर अडायची.

याच सुमाराला डॉक्टर चाचरत मला म्हणाला, "ताई, मोबाईलवर दोन ओळी लिहाल का? लोक आधी तिथं बघतात मग येतात. त्या एक स्टारवाल्यानं माझं लई नुकसान केलंय."

आई म्हणाली, "मी सांगते, ही लिहील." त्या संध्याकाळी तिने मजकूर सांगितला आणि मी तो तिच्या मोबाईलवर लिहिला. श्रुतलेखनच होतं ते. स्वल्पविराम सांगून, पूर्णविराम सांगून, 'नवा परिच्छेद' म्हणून. डॉक्टर हात हातात कसा घेतात, काय विचारतात, पूर्ण एक तास कसा देतात, कडुनिंबाला पाणी कसं घालतात, सगळं त्यात आलं. भात लागला, पण मला उठू दिलं नाही. शेवटी मी पाच स्टार दाबायला बोट नेलं.

"चार," आई म्हणाली.

"अगं, एवढं कौतुक करून चार?"

"पैकीच्या पैकी मी आयुष्यात कुणाला दिले नाहीत. पोरं तिथेच थांबतात. तुलासुद्धा नव्हते दिले."

हे खरं आहे. चौथीत मी तिच्याच वर्गात होते, आणि समास सरळ आखला नाही म्हणून तिने माझा एक गुण कापला होता. मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आनंदात होता, पण त्याच्या मनात एक खुटखुट राहिली होती. "आजी, लई भारी लिवलंय. पण एक कुठं गेला?"

"तुझं अक्षर सुधार, मग बघू."

आईला वाटलं विषय संपला. पण तिच्या निवृत्त शिक्षकांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. तिथे कुणाचं काही छापून आलं की त्याचं सामुदायिक वाचन होतं. आईचा तो निबंध कुणीतरी ग्रुपवर टाकला, आणि शहरातले सगळे खांदे, गुडघे, माना आणि कमरा आमच्या बायपासच्या गाळ्याकडे निघाल्या. एवढी शुद्ध भाषा असलेला माणूस खोटं कसं बोलेल, असं एका सरांनी लिहिलं होतं. कुणी रिक्षा वाटून घेऊन यायचे, कुणी डबे घेऊन. हार्डवेअरवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आत गणिताच्या बाई, बाहेर चित्रकलेचे सर, फूटपाथवर पी.टी.चे सर गुडघा धरून.

डॉक्टर बिचारा घामाघूम. एकाच्या गुडघ्यावर लक्ष, आईचं मनगट हातात, आणि दारातून तिसरा विचारतोय, "माझा नंबर कधी?" मेंढ्यांच्या गोष्टी बंद झाल्या. तासाचा पाव तास झाला. आईच्या फळीचं तर खेळणं झालं होतं. वाट बघताना जो तो कुलूप उघडून लावून बघायचा. एके दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कुलूप लावलं, सवयीने किल्ली खिशात टाकली आणि घरी निघून गेले. ती दुसऱ्या दिवशी परत आली, पण आईचा तो दिवस फुकट गेला.

आणि मनगट अडलं. पहिली फेरी पूर्ण, दुसरी अर्धी, त्यापुढे तसूभर नाही. आठवडे गेले. ती घरी माझ्या कपाटाच्या किल्लीशी झटायची, दरवाजाच्या मुठीशी झटायची. एका संध्याकाळी बाल्कनीत बसलेली असताना ती शांतपणे म्हणाली, "नाही जाणार बहुतेक मी घरी."

ती आमच्याकडे राहावी असं मलाच वाटत होतं ना? पण अशी हरून राहायला नको होती मला ती. त्या क्षणी मला तिचं ते कुलूप माझ्या हाताने तोडून टाकावंसं वाटलं.

"दुसरीकडे बघू या," मी मोबाईल काढत म्हटलं. "मी वाचते."

"काही वाचू नकोस. डॉक्टर चांगलाच आहे. गर्दी वाईट आहे."

"गर्दी तूच बोलावलीस."

त्यावर तिने माझ्याकडे वर्गातल्या नजरेने पाहिलं आणि उठून आत गेली.

पुढे काही दिवस ती गप्प गप्प होती. दुपारी मोबाईल घेऊन बसायची, मी आले की पालथा ठेवायची. मला वाटलं ग्रुपवर कुणाशी तरी बिनसलंय. मग एके दिवशी ऑफिसात डबा खाताना सवयीने मी त्या क्लिनिकचं पान उघडलं, आणि पोळीचा घास हातातच राहिला. माझ्याकडून लिहून घेतलेला तो अख्खा निबंध गायब होता. चारचा एक स्टार झाला होता. त्याखाली आईने लिहिलं होतं:

'येथे मशीन नाही. एसी नाही. थंड पाण्याची बाटली देत नाहीत. गोळी देत नाहीत, इंजेक्शन देत नाहीत. दुखते म्हटले तरी डॉक्टर हात सोडत नाहीत. घरी करायला अभ्यास देतात व दुसऱ्या दिवशी तपासतात. अक्षर वाईट आहे. बसायला जागा नाही. ज्यांना आराम हवा त्यांनी येऊ नये. निवृत्त शिक्षकांनी तर मुळीच येऊ नये.'

माझा पारा चढला. ज्या माणसाने तिच्यासाठी फळीला कडी ठोकली, त्याच्या पोटावर पाय? आणि तेही स्वतःला तास मिळावा म्हणून? अर्धी रजा टाकून मी थेट क्लिनिक गाठलं. काय बोलायचं ते स्कूटरवर पाठ करत होते. माफी मागायची, आईचं वय सांगायचं, संध्याकाळपर्यंत काढून टाकते म्हणायचं.

डॉक्टर खुर्चीवर बसून तो मजकूर एका पेशंटला मोठ्याने वाचून दाखवत होता, आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"डॉक्टर, मला फार वाईट वाटतंय," मी सुरुवात केली.

"ताई, थांबा. हे तुम्ही टाईप केलं?"

"छे हो!"

"साहेबांनी?"

"त्यांना तर माहीतही नाही."

"मंग एवढं लांब कुणी लिवलं?" त्याने मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला. "मीच त्यांना सांगितलं होतं, रोज दोन ओळी उजव्या हाताच्या बोटानं टाईप करा म्हणून. कोपर टेबलाला टेकून, फक्त मनगट हलवायचं. मला वाटलं विसरल्या. हे बघा, जोडाक्षरं बघा. एक चूक नाय."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. त्याने तिथल्या तिथे, माझ्यासमोर, त्या मजकुराखाली उत्तर लिहिलं: 'आजी, हे कोणत्या हाताने लिहिले?'

मी घरी पोचले तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती, चष्मा नाकावर, मोबाईल समोर. मी पर्सही खाली ठेवली नाही. "काय हे, आई?"

"एक तरी वाक्य खोटं दाखव," ती म्हणाली.

मी मनात पुन्हा वाचून पाहिलं. एकही खोटं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या मोबाईलवर डॉक्टरचं उत्तर आलं. तिने ते ओठ हलवत वाचलं. मग कोपर टेबलावर टेकलं, उजव्या हाताची तर्जनी सरळ केली आणि लिहायला लागली. मी उभी राहून बघत होते. बोट एका कोपऱ्यातल्या अक्षराकडे जायचं, मग दुसऱ्या टोकाच्या मात्रेकडे, आणि दर वेळी मनगट थोडं या अंगाला, थोडं त्या अंगाला वळायचं. चुकलं की खोडायची आणि पुन्हा लिहायची. मी मदत केली नाही. हात पुढे केला असता तर ती ओरडलीच असती.

त्या एक स्टारच्या मजकुराखाली नवी ओळ आली: 'उजव्या हाताने. कुणाचीही मदत न घेता.'

निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर दोन दिवस गदारोळ चालला. पी.टी.च्या सरांनी ग्रुप सोडला आणि संध्याकाळी परत आले. ज्यांना यंत्र, गारवा आणि बाटली हवी होती ते जालना रोडला गेले, आणि तिथे मजेत आहेत असं कळलं. ज्यांना अभ्यास करायची सवय होती ते राहिले. खुर्च्या हार्डवेअरवाल्याकडे परत गेल्या, मेंढ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि आईला तिचा तास मिळाला. मी डॉक्टरला म्हटलं, "आता तो एक स्टार तिला बदलायला सांगते." तो म्हणाला, "राहू द्या ताई. नवीन येणारे तेच वाचून येतात. त्यान्ला आधीच ठाऊक असतं, दुखणार हाय आन् घरी करावं लागणार हाय. माझं अर्धं काम होतं." ज्या स्टारांवर मी आजवर मिक्सर आणि गाद्या घेतल्या त्यांचा हा उपयोग मला कधी सुचला नव्हता.

काही आठवड्यांनी आई क्लिनिकातून आली आणि काही न बोलता माझ्यासमोर हात पसरला. उजवा.

"काय?"

"किल्ली."

आम्ही सिडकोत गेलो. दारावर धुळीचा थर, कुलूप उन्हाने तापलेलं. आईने किल्ली घातली. पहिली फेरी सहज झाली. दुसरी अर्ध्यावर अडली. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे," ती म्हणाली.

तिने कुलूप जरा उचललं, ओठ आवळले, आणि खटका पडला. मी टाळ्या वाजवणार होते, पण तिने दार उघडलंच नाही. कुलूप पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं. "पहिल्यांदा चुकून जमू शकतं," म्हणाली.

आत कोंदट वास होता. पाईप आपल्या खुंटीवर गुंडाळलेला होता. शेजारच्या काकू धावत आल्या, पाणी उद्या येणार असल्याचं सांगून गेल्या. आईने पदर खोचला आणि झाडू हातात घेतला. मला एकदम कळलं की आज संध्याकाळी आमच्या घरात दिवा मीच लावणार आहे. मी म्हटलं, "आता तरी डॉक्टरला पाच दे."

"अक्षर सुधारलं नाही अजून."

"आणि मला? इतके महिने ठेवून घेतलं, निऱ्या घातल्या, श्रुतलेखन लिहिलं. मला किती?"

तिने झाडू थांबवला आणि खरोखर विचार केला. "चार."

"एक कशाचा कापला?"

"पाच दिले असते तर मी इथे परत कशाला आले असते?" ती म्हणाली, आणि कचरा माझ्या पायांशी आला म्हणून मला बाजूला सरकायला सांगितलं.